भूतानच्या पूर्व टोकाला इंटरनेट पोचले तेव्हा

भूतानमध्ये इंटरनेट २ जून १९९९ रोजी आले. तारीख इतकी नेमकी सांगता येते, कारण ती ठरवून निवडलेली होती. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राज्याभिषेकाला त्या दिवशी २५ वर्षे पूर्ण होत होती. त्याच दिवशी देशात टीव्ही सुरू झाला आणि त्याच दिवशी इंटरनेट. तोवर भूतानमध्ये टीव्हीला परवानगीच नव्हती.

आपल्याकडे हे असे झाले नव्हते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला सर्वांसाठी इंटरनेट खुले केले खरे, पण त्याच्या कितीतरी आधीपासून अर्नेट या शैक्षणिक जाळ्यावरून आपल्या मोठ्या शिक्षणसंस्थांची ईमेल चालत होती. मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संगणक-संशोधन संस्थेतून ती परदेशीही जायची. आपल्याकडे ते झिरपत झिरपत आले. भूतानने मात्र दार एका दिवशी उघडले, आणि उघडण्याआधी दाराबाहेर काय आहे याचा बराच विचार केला. मी त्या काळात तिथे शिक्षक होतो. राजधानीत नव्हे, थेट दुसऱ्या टोकाला, पूर्वेच्या त्राशीगांग जिल्ह्यात. त्यामुळे मी जे पाहिले ते समारंभाचे इंटरनेट नाही. डोंगराच्या एका कुशीतल्या शाळेपर्यंत ते कसे पोचले, हे मी पाहिले, आणि तेच सांगायचे आहे.

भूतानमध्ये आधुनिक शाळा सुरू झाल्या तेव्हापासून भारतीय शिक्षक तिथे जात आले आहेत. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी. माझे बहुतेक सहकारी भूतानी, उरलेल्यांत केरळचे जास्त. मी वाईचा, गणित शिकवायला गेलेला. पूर्व भूतानात मला दुसरा मराठी माणूस भेटला नाही. घरी यायचे तर हिवाळ्याच्या सुट्टीतच. डिसेंबरात शाळा बंद झाली की बसने दिवसभर घाट उतरून सामद्रुप जोंगखारला यायचे, वेशीपलीकडे आसाम, मग गुवाहाटी आणि तिथून रेल्वे. आईला पत्र टाकले की उत्तराची वाट महिन्याच्या हिशेबात बघायची. परदेशी फोन लागत असे, पण तो मास्तरच्या पगारात बसणारा नव्हता. भूतानचे वृत्तपत्र ‘कुएन्सेल’ तेव्हा साप्ताहिक होते आणि आमच्याकडे शिळेच यायचे. जगाची रोजची बातमी म्हणजे रेडिओ.

इंटरनेटची गोष्ट सांगताना लोक उपग्रह आणि संगणक यांच्यापासून सुरुवात करतात. मी रस्त्यापासून करेन. भारतीय सीमेवरच्या फुन्शोलिंगपासून राजधानी थिंफूपर्यंत पहिला मोटाररस्ता १९६२च्या सुमारास झाला, तो आपल्या सीमा रस्ते संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने बांधला. त्याआधी हा प्रवास खेचरांवरून आणि पायी चालायचा. रस्त्यामागोमाग तारा आल्या, तारांमागोमाग टेलिफोन. नव्वदच्या दशकात जपानच्या मदतीने डोंगरमाथ्यांवर मायक्रोवेव्हचे मनोरे उभे राहिले आणि जिल्ह्याजिल्ह्यात डिजिटल एक्स्चेंज बसले. आमच्या शाळेतून दिसणाऱ्या एका माथ्यावर असा मनोरा होता. त्याच्या तबकड्या समोरच्या डोंगराकडे तोंड करून, तिथून पुढच्या डोंगराकडे, असे करत आवाज थिंफूला पोचायचा. रस्त्याने थिंफू साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, वाटेत थ्रुमशिंग ला ही जवळजवळ ३,८०० मीटर उंचीची खिंड, मोटारीने दोन-तीन दिवस. आवाजाला मात्र क्षणही लागत नसे.

हे जाळे नवे आणि सगळे डिजिटल होते, म्हणून इंटरनेटला तिथे फार खटपट पडली नाही, असे माझे ठाम मत आहे. त्या वर्षांत आपल्याकडच्या जुन्या एक्स्चेंजांच्या खरखरीत मोडेम, म्हणजे संगणक फोनच्या लाइनीला जोडणारे यंत्र, किती वेळा गळून पडायचा, हे ज्यांनी भोगले त्यांना पटेल. भूतान उशिरा आला, त्यामुळे जुन्याचे ओझे त्याच्या डोक्यावर नव्हते. सहा-सात लाख वस्तीच्या देशाला हे परवडले, कारण त्याने आधी टेलिफोन नीट केला. देशाची एकुलती इंटरनेट सेवा, ‘ड्रुकनेट’, सरकारच्या दूरसंचार विभागातच उभी राहिली. तिच्या मांडणीत कॅनडाच्या आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्राची मदत होती. देशाबाहेरचा दुवा उपग्रहावरून.

२ जूनला आमच्या शाळेच्या मैदानावर मोठा उत्सव झाला. मुले नव्या घोमध्ये, मुली नव्या किरामध्ये; हे तिथले पारंपरिक पोशाख. नाच झाले, गावकऱ्यांची तिरंदाजी झाली. थिंफूच्या चांगलिमिथांग मैदानावरचे राजांचे भाषण आम्हाला रेडिओवरून कळले. टीव्ही आणि इंटरनेट यांतून लाभ होईल तशी हानीही होऊ शकते, त्यांचा वापर लोक विवेकाने करतील असा विश्वास वाटतो, असा त्या भाषणाचा आशय होता. माझ्या शेजारी बसलेले जोंगखाचे, म्हणजे भूतानच्या राष्ट्रभाषेचे, शिक्षक, आम्ही त्यांना लोपेन म्हणायचो, ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “राजांनी मुलांच्या हातात सुरी दिली आणि बोट कापेल हेही सांगितले. आता शिकवायचे काम आपले.”

त्या संध्याकाळी आमच्याकडे टीव्ही नव्हता आणि इंटरनेटही नव्हते. टीव्हीचे प्रक्षेपण सुरुवातीला थिंफूपुरते होते. इंटरनेट तत्त्वतः फोन आहे तिथे पोचत होते. आमच्या शाळेत फोन होता, हेडमास्तरांच्या खोलीत. शाळेला मिळालेला एक संगणकही होता, पटांगणापलीकडच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या झाकणाखाली. दोघांची गाठ घालायची होती.

हेडमास्तर हे स्वतः खेड्यातून, दिवसभर चालत शाळेला येऊन शिकलेले गृहस्थ. त्यांनी मला एकच विचारले, “सर, याने मुलांना काय मिळेल ते मला एका पानात लिहून द्या. ते पान मी जिल्ह्याला पाठवतो.” मी ते पान फार मनापासून लिहिले. आमच्या ग्रंथालयातला विश्वकोश जुना होता, त्यात सोव्हिएत संघ अजून शाबूत होता, आणि मुले त्यावरून टिपणे काढायची. एवढे एकच उदाहरण मी दिले. जिल्हा कचेरीची मंजुरी आली, खात्याचा फॉर्म थिंफूला गेला, आणि हिवाळ्याच्या सुट्टीत मोडेम आणायचे काम माझ्याकडे आले.

माझा पुतण्या तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होता. त्याच्याबरोबर टिळक रोडवरच्या दुकानात जाऊन ३३.६ किलोबिट वेगाचा बाहेरून जोडायचा मोडेम घेतला. पुतण्याचे म्हणणे, काका, ५६चा घ्या, आता तोच चालतो. पण दुकानदाराला आमच्याकडची सगळी परिस्थिती सांगितल्यावर त्याने सल्ला दिला की लांबच्या लाइनवर वेगापेक्षा टिकाऊपणा बघा, आणि बाहेरचा मोडेम घ्या, म्हणजे दिवे दिसतील, कुठे अडले ते कळेल. हा सल्ला सोन्याच्या मोलाचा ठरला. पुढची दोन वर्षे ते लाल दिवे पाहूनच आम्ही दुखणे ओळखत होतो.

२०००च्या वसंतात शाळा उघडली आणि खरे काम सुरू झाले. हेडमास्तरांच्या खोलीपासून प्रयोगशाळेपर्यंत तार ओढायला टेलिफोनचा लाइनमन आला. हा माणूस माझ्या आठवणीत कायमचा राहिला आहे. त्याने आधी छपराकडे पाहिले, मग आभाळाकडे. पूर्व हिमालयात मार्च ते मे वादळी पाऊस आणि विजा फार. तो म्हणाला, तार वरून नेली तर पहिल्या कडकडाटात यंत्र जाईल. त्याने मुलांना हाताशी घेऊन पटांगणात चर खणला, तार नळीतून जमिनीखालून नेली. प्रयोगशाळेच्या मागे कमरेइतका खड्डा करून त्यात तांब्याची पट्टी पुरली, वर लाकडी कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, पाणी ओतले. अर्थिंग. मग मला बजावले, तरीही ढग दिसले की दोन्ही पिना काढून ठेवायच्या, विजेचीही आणि फोनचीही. तो नियम आम्ही भिंतीवर लिहून लावला आणि वर्गातल्या मुलांनी तो माझ्यापेक्षा कडक पाळला. आभाळ भरून आले की कोणीतरी धावत जायचेच.

वीज हा दुसरा भाग. त्राशीगांग भागाला रांगजुंगच्या २.२ मेगावॉटच्या छोट्या जलविद्युत केंद्राचा आधार होता. ऑस्ट्रियाच्या मदतीने बांधलेले ते केंद्र १९९६ला सुरू झाले. संध्याकाळी गावोगाव विजेच्या चुली आणि दिवे लागले की दाब खाली यायचा आणि संगणक आपोआप बंद पडायचा. त्यामुळे आमच्या इंटरनेटची वेळ ठरली ती पहाटेची. वीज भरपूर, फोनच्या लाइनीही मोकळ्या. गारठ्यात हात चोळत मी आणि दोन-तीन वसतिगृहातली मुले प्रयोगशाळेत बसायचो.

पहिल्यांदा जोडणी लागली तेव्हा मोडेमचा तो किंचाळणारा आवाज ऐकून मुले दचकली. आवाज थांबला, सगळे दिवे स्थिर झाले. मी पुतण्याला चार ओळींचे पत्र पाठवले. मराठी, पण रोमन अक्षरांत, कारण दुसरी सोय नव्हती. पुतण्या ते सायबर कॅफेत छापून घेऊन शनिवारी वाईला गेला, आईला वाचून दाखवले, तिने सांगितलेले उत्तर लिहून घेतले आणि सोमवारी पाठवले. आईचे उत्तर पत्र टाकल्याच्या आठवड्यात माझ्या हातात. तिने विचारले होते, तिकडे थंडी आहे तर रोज अंघोळीला गरम पाणी मिळते का. मी ते छापून खिशात ठेवले आणि वर्गावर गेलो. त्या दिवशी मी काय शिकवले ते मला आठवत नाही.

फोनचे बिल शाळेच्या खर्चातून जायचे आणि शाळेचा खर्च तोलूनमापून असायचा. म्हणून शिस्त बसवली. पत्रे आधी लिहून ठेवायची, मग जोडायचे, पाठवायचे, आलेली उतरवून घ्यायची आणि तोडायचे. संकेतस्थळे पाहायची तर पाने साठवून घ्यायची आणि नंतर, फोन तोडून, मुलांना दाखवायची. वापराची वही हेडमास्तरांनी घातली: कोण, केव्हा, किती मिनिटे, कशासाठी. दुसरी वही मुलांची होती, आणि माझ्या मते आमच्या शाळेचे इंटरनेट म्हणजे ही दुसरी वहीच.

त्या वहीत कोणीही प्रश्न लिहायचा. मी पहाटे त्यातले काही घ्यायचो आणि याहू किंवा अल्टाव्हिस्टावर शोधायचो. ज्या मुलांनी समुद्र पाहिला नव्हता, त्यांचे समुद्राबद्दलचे प्रश्न सगळ्यांत जास्त. समुद्राचे पाणी वाढत का नाही, नद्या तर रोज त्यात पडतात. माशाला तहान लागते का. ढग उतरून खाली गेलेले असतात तेव्हा चंद्र कुठे असतो. मानस नदी आमच्याकडून जाते ती पुढे कुठे जाते. हा शेवटचा प्रश्न सोपा होता, पण ब्रह्मपुत्रेचा नकाशा पडद्यावर ओळीओळीने वरून खाली उमटत गेला आणि मुले नदीबरोबर उतरत बंगालच्या उपसागरापर्यंत पोचली. असा भूगोलाचा तास मी पुन्हा कधी पाहिला नाही.

एका मुलाने लिहिले होते: गुवाहाटीला आज बटाट्याचा भाव काय? त्याच्या घरचा बटाटा सामद्रुप जोंगखारच्या लिलावात जायचा आणि भारतातले व्यापारी तो घ्यायचे. पुढच्या बाजारात काय भाव आहे हे कळले तर वडिलांना लिलावात थांबायचे की विकायचे हे ठरवता येईल, असे त्याचे साधे गणित. मी बराच शोध घेतला. भाव मिळाला नाही. न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराचे आकडे मिळत होते, आमच्यापासून एका दिवसाच्या वाटेवरच्या बाजारातला बटाट्याचा भाव नव्हता. त्या मुलाला मी तसे सांगितले. तो म्हणाला, “म्हणजे तिथल्या कोणी अजून लिहिले नाही.” मला त्याचे बोलणे अगदी अचूक वाटले.

पुढे वरच्या वर्गातल्या एका मुलीने भूतानबद्दलची पाने मागितली. मी मिळतील ती साठवून दिली. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी ती सगळी वाचून काढली आणि मला येऊन सांगितले की हे सगळे बाहेरच्या माणसांनी लिहिले आहे. पर्यटकांची वर्णने, सहलीच्या जाहिराती, मठांची छायाचित्रे. त्राशीगांगच्या झोंगचे, म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठाचे, छायाचित्र होते, खाली नाव दुसऱ्याच झोंगचे. मुलींनी इंग्रजीत पत्र लिहून ती चूक त्या पानाच्या मालकाला कळवली. त्याने आभार मानून नाव दुरुस्त केले. आपण लिहिले आणि दूरच्या देशातले पान बदलले, याचा आनंद त्या वर्गात पुढे कित्येक दिवस होता. दूरच्या खेड्यातल्या मुलांनी इंटरनेटवरून फक्त घ्यायचे असते, ही समजूत माझ्या मनातून त्या दिवशी गेली.

लिपीचा प्रश्न लोपेननी काढला. त्यांना थिंफूतल्या आपल्या गुरूंना जोंगखात पत्र पाठवायचे होते. जोंगखाची लिपी तिबेटी वळणाची; अक्षरे एकाखाली एक रचली जातात. जगातल्या लिप्यांना संगणकात जागा देणाऱ्या युनिकोड या प्रमाणात तिबेटी लिपीला १९९६मध्ये जागा मिळाली होती, पण ती रचना पडद्यावर नीट दाखवणारी सोय आमच्या संगणकात नव्हती. शेवटी त्यांनी कागदावर सुंदर अक्षरांत पत्र लिहिले आणि ते टपालानेच गेले. त्यांची निराशा मला आतून कळली. आपल्याकडे तेव्हा प्रत्येकाचा मराठी फॉन्ट वेगळा. एकाने पाठवलेले दुसऱ्याकडे उघडले की चौकोन आणि चिन्हांचा कचरा. पुण्याच्या सीडॅकने भारतीय लिप्यांवर मोठे काम केले होते, तरी सामान्य माणसाचे मराठी पत्र रोमनमध्येच चालले होते. ज्या भाषेच्या मागे मोठी बाजारपेठ नाही तिची लिपी यंत्रात सर्वांत शेवटी येते, आणि ती यावी म्हणून त्या भाषेच्या माणसांनाच खपावे लागते. भूतानच्या लोकांनी ते केले. २००६मध्ये त्यांनी जोंगखातून चालणारी लिनक्स ही संगणकप्रणाली काढली, आणि पुढे विंडोजच्या व्हिस्टा आवृत्तीत जोंगखाची सोय आली. त्यानंतर लोपेनचे मला आलेले पत्र वर जोंगखात आणि खाली इंग्रजीत होते. मी उत्तर वर देवनागरीत आणि खाली इंग्रजीत पाठवले. आम्ही दोघांनीही एकमेकांची वरची अर्धी पाने छापून भिंतीवर लावली.

दरम्यान बाकीचे बदल भराभर झाले. शहरांत केबल टीव्ही आला आणि तिथल्या पालकांच्या तक्रारी आम्हालाही ऐकू येऊ लागल्या. मुले कुस्तीच्या कार्यक्रमांची नक्कल करतात, रात्री जागतात. राजांनी दिलेला इशारा टीव्हीच्या बाबतीत आधी खरा ठरला. इंटरनेट महाग आणि संथ होते, म्हणून त्याने सवय लागायच्या आधी शिकायला वेळ दिला, असे मला वाटते. कुरिछूच्या ६० मेगावॉटच्या प्रकल्पातून २००१पासून वीज येऊ लागल्यावर पूर्वेतल्या संध्याकाळी उजळल्या. २००१च्या डिसेंबरात मी नोकरी सोडून परत आलो. आई थकली होती. खात्याचा पासवर्ड, वापराची वही आणि प्रश्नांच्या भरलेल्या वह्या मी एका तरुण भूतानी शिक्षिकेच्या हाती दिल्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायचे हेही सांगितले. २००३च्या नोव्हेंबरात देशात मोबाइल सुरू झाला आणि काही वर्षांत मोडेमची गरजच उरली नाही.

प्रश्नांच्या वहीतला तो बटाट्याच्या भावाचा मुलगा आता इंटरनेटच्या केबलच्या कामावर आहे. भूतानने फायबर, म्हणजे काचतंतूची तार, ओढताना एक शहाणपण केले: डोंगर फोडून चर खणण्याऐवजी विजेच्या उच्चदाब मनोऱ्यांवरून ती नेली. त्यामुळे दरडी कोसळल्या तरी देशातले जाळे बऱ्यापैकी टिकते. अडचण आहे ती देशाबाहेर पडण्याची. भूतानला समुद्र नाही. त्याच्या तारा भारतातून जातात आणि सिलिगुडीच्या अरुंद पट्ट्यातून पुढे निघतात. तिथे पावसाळ्यात काही तुटले की सगळा देश मंदावतो. बांगलादेशमार्गे आणखी एक वाट काढण्याची बोलणी त्यासाठीच चालत आली आहेत, आणि २०२५मध्ये स्टारलिंकची उपग्रह सेवा तिथे सुरू झाली. त्या मुलाला मी फोनवर विचारले, की आता उपग्रह आला तर तुझ्या तारांचे काय. तो म्हणाला, “सर, थेट उपग्रहावरून घ्यायचे तर घराला पैसे जास्त पडतात. माझ्या वडिलांच्या गावात अजून तारच स्वस्त आहे, आणि ती तिथे मी या हिवाळ्यात नेणार आहे.”